नियम सारखे, पण मोल किती? पोकरच्या पात्रता फेऱ्यांच्या निमित्ताने

“ज्या खेळात कोणी कोणाला फसवत नाही, नियम सर्वांना सारखे आहेत आणि प्रत्येक जण स्वखुशीने स्वतःचे पैसे लावतो, तो खेळ वाईट कसा?” युवकांच्या अभ्यासवर्गात ऑनलाइन पोकरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. प्रश्न प्रामाणिक आहे. “जुगार वाईट” एवढेच म्हणून तो बाजूला सारला तर विचारणारा गप्प बसेल, पण त्याचे समाधान होणार नाही. म्हणून आपण या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

कायद्याची बाजू आधी पाहू. १८६७ च्या जुगारविषयक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. त्यामुळे पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्याकडे बरीच वर्षे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ चालवण्यास त्याने मनाई केली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. मात्र काय करू नये हे कायदा सांगतो. ते का करू नये हे ज्याचे त्यालाच समजून घ्यावे लागते. कारण मनाची ओढ कायद्याने संपत नाही.

पात्रता फेरी म्हणजे काय?

पोकरच्या मोठ्या स्पर्धांचा प्रवेश महाग असतो. सर्वांना तो परवडत नाही. म्हणून कमी पैशांच्या छोट्या स्पर्धा घेतल्या जातात आणि त्यात जिंकणाऱ्याला रोख रकमेऐवजी मोठ्या स्पर्धेचा प्रवेश मिळतो. या फेऱ्यांना खेळाडू ‘सॅटेलाइट’ म्हणतात. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर होणाऱ्या स्पर्धांसाठीही अशा ऑनलाइन फेऱ्या होत असत.

या फेऱ्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली ती २००३ मध्ये. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हे व्यवसायाने हिशेबनीस. त्यांनी ८६ डॉलर भरून एका ऑनलाइन पात्रता फेरीत भाग घेतला आणि लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली. त्या जागेची किंमत होती १०,००० डॉलर. ती स्पर्धा जिंकून त्यांनी २५ लाख डॉलर मिळवले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये तो आकडा ८,७७३ झाला. वाढीत टीव्हीवरच्या प्रक्षेपणाचाही वाटा होता, पण एका सामान्य हिशेबनिसाची गोष्ट हजारो मनांत घर करून बसली, हेही खरे.

वहीतला हिशेब

मी वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे आधी वही उघडण्याची सवय. एक काल्पनिक पण साधे उदाहरण घेऊ. पहिल्या फेरीचा प्रवेश ११० रुपये. त्यातले १०० रुपये बक्षिसात जातात आणि १० रुपये आयोजकाचे शुल्क. अकरा जण खेळले की बक्षिसात १,१०० रुपये जमतात आणि विजेत्याला १,१०० रुपयांच्या दुसऱ्या फेरीचा प्रवेश मिळतो. तिथे १,००० बक्षिसात, १०० शुल्क. पुन्हा अकरा जण, पुन्हा एक विजेता. त्याला ११,००० रुपयांच्या मुख्य स्पर्धेचा प्रवेश. त्यातले १०,००० बक्षिसात आणि १,००० शुल्क.

आता बेरीज करू. मुख्य स्पर्धेपर्यंत एक जण पोचावा म्हणून तळाशी १२१ जणांनी ११० रुपये भरले. एकूण १३,३१० रुपये. त्यातले मुख्य स्पर्धेच्या बक्षिसात पोचले १०,००० रुपये. उरलेले ३,३१० रुपये तीन पायऱ्यांवर शुल्कात गेले. प्रत्येक पायरीवर शुल्क दहा टक्केच दिसते. शिडी चढून गेल्यावर मात्र जमलेल्या पैशांचा जवळजवळ चौथा भाग आयोजकाकडे गेलेला असतो. १२० जणांच्या हाती काहीच उरत नाही.

यात कोठेही फसवणूक नाही. शुल्क आधी जाहीर केलेले आहे, पत्ते सर्वांना सारखेच वाटले आहेत. फसवणूक झाल्याची उदाहरणे आहेत; २००७-०८ च्या सुमारास अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेट या दोन संकेतस्थळांवर काही आतल्या लोकांना इतरांची झाकलेली पाने दिसत होती, हे उघडकीस आले. पण ती बाजू आपण सोडून देऊ. प्रामाणिकपणे चाललेल्या खेळाविषयीच आपला प्रश्न आहे.

परीक्षेपेक्षा वेगळे काय?

येथे कोणी म्हणेल, “स्पर्धा परीक्षेतही लाखो बसतात आणि थोडेच निवडले जातात. तेथेही शुल्क असते. मग फरक काय?” फरक बक्षीस कोठून येते यात आहे. परीक्षेतून मिळणारी नोकरी नापास झालेल्यांच्या शुल्कातून तयार होत नाही. कुस्तीच्या फडात हरलेला मल्ल आपल्या घरातले धान्य जिंकणाऱ्याला देत नाही. व्यापारातही दुकानदाराला नफा होतो आणि ग्राहकाला हवी ती वस्तू मिळते. दोघेही समाधानाने घरी जाऊ शकतात. पात्रता फेरीतली जागा मात्र हरलेल्यांच्या पैशांचीच बनलेली असते. दुसऱ्या कोणी तेथे काही निर्माण केलेले नसते.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मान्य केले पाहिजे. दीर्घ काळात जाणकार खेळाडू पुढे राहतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की जाणकाराला नवख्याची गरज असते. नवखे आलेच नाहीत तर जाणकार एकमेकांत खेळतील आणि शुल्क भरून भरून सगळेच तोट्यात जातील. स्वस्त प्रवेशाचे दार नवख्यासाठी उघडे ठेवलेले असते. त्याला वाटते, आपल्याला संधी मिळाली. ती मिळालेली असतेही. पण इतरांच्या हिशेबात तो जमेच्या बाजूला मांडलेला असतो.

सभेतला प्रश्न

महाभारतातील द्यूताची कथा आपण ‘शकुनीने कपट केले’ इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. क्षणभर कल्पना करा की फासे अगदी सरळ होते. मग युधिष्ठिराने भावांना आणि द्रौपदीला पणाला लावणे योग्य ठरले असते का? कोणाचेही मन ‘हो’ म्हणणार नाही. म्हणजे दोष केवळ फाशांत नव्हता. द्रौपदीने सभेला विचारले की राजाने आधी स्वतःला हरले की मला? नियमांच्या चौकटीत भीष्मांनाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न होता तो पणाला लावण्याच्या अधिकाराचा.

“स्वतःचे पैसे स्वखुशीने लावतो” हे वाक्य या प्रश्नासमोर ठेवून पाहावे. बावीस वर्षांच्या मुलाच्या खात्यातले पैसे किती त्याचे असतात? त्यात वडिलांची रजा न घेता केलेली ड्युटी असते, आईने पुढे ढकललेली खरेदी असते. कायद्याने ते त्याचे आहेत. घराच्या हिशेबात ते एकट्याचे नाहीत.

त्याच महाभारतात नलाची कथा आहे. राजा ऋतुपर्ण एका दृष्टिक्षेपात बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजतो. त्याच्याकडून नल फाशांची विद्या शिकतो आणि गेलेले राज्य पुष्कराकडून परत जिंकतो. आपल्या परंपरेला द्यूतातले कौशल्य ठाऊक होते, हे यावरून दिसते. पण कथा तेथे संपत नाही. पुष्कराने आपले प्राण आणि सर्व धन पणाला लावले होते. नल त्याला अभय देतो, त्याचा वाटा परत करतो आणि सन्मानाने त्याच्या नगराला पाठवतो. पणात मिळाले म्हणून ते आपले, असे नलाने मानले नाही.

‘पुरे’ कोठे म्हणायचे?

पात्रता फेरीत एक गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे. समजा, दहा जागा आहेत आणि अकरा खेळाडू उरले आहेत. पहिल्याला जे मिळणार तेच दहाव्यालाही मिळणार. तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत. हातात दोन एक्के आले, म्हणजे सुरुवातीची सर्वांत चांगली पाने. तेवढ्याच चिप्स असलेल्या समोरच्याने सर्व काही पणाला लावले. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका अनोळखी हाताविरुद्ध साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. तरी जाणकार खेळाडू ती पाने टाकून देतो. जिंकून आणखी चिप्स मिळतील, पण त्यांचा उपयोग नाही. हरला तर हाती आलेली जागा जाईल. जेवढे हवे तेवढे मिळाले आहे, आता हात आवरायचा, हे त्याला समजलेले असते.

हा संयम साधकाला ओळखीचा वाटेल. पण फेरी संपताच काय होते? मिळालेला प्रवेश पुढच्या, अधिक महाग डावात नेऊन बसवतो आणि ‘पुरे’ हा शब्द तेथे पुसला जातो. मनीमेकर यांनीच सांगितले आहे की त्यांच्या पात्रता फेरीत चौथ्या क्रमांकाला ८,००० डॉलर रोख होते आणि त्यांना खरे तर तेच हवे होते. डोक्यावर देणी होती. मित्राच्या आग्रहाने ते पुढे गेले. ते जिंकले, म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. असाच आग्रह ऐकून पुढे गेलेल्या आणि हरलेल्या माणसांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

येथेच मोलाचा प्रश्न येतो. ११,००० रुपयांचा प्रवेश जिंकलेल्याने स्वतःला विचारावे, “माझ्या हातात ११,००० रुपये रोख असते, तर मी हा प्रवेश विकत घेतला असता का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर कागदावरची किंमत काहीही असो, त्याच्यासाठी तो प्रवेश तेवढ्या मोलाचा नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नियम सारखे असणे ही चांगली गोष्ट आहे, पण वाटणी कशी होते एवढेच त्यातून कळते. जे वाटले जाते ते कोणाच्या घरातून आले, आपल्या जिंकण्यासाठी किती जणांनी हरणे आवश्यक आहे आणि आपले ‘पुरे’ कोठे आहे, हे तीन प्रश्न नियमपुस्तकात नसतात. आपण ज्या कोणत्या शिडीवर चढत असू, पत्त्यांची असो, शेअर बाजारातल्या झटपट सौद्यांची असो की अन्य कसली, पुढच्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी हे तीन प्रश्न वहीत लिहावेत आणि त्यांची उत्तरे घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावीत. वाचताना आवाज जेथे अडखळेल, तेथे थांबून पुन्हा विचार करावा.