गावाला ठाऊक, वहीला नाही

मालवणच्या बाजारात कोकम, काजू आणि खाजा विकणाऱ्याचं वर्ष एप्रिल-मेमध्ये ठरतं. रतांबे तेव्हाच पिकतात, काजूची बी तेव्हाच घ्यावी लागते, पैसा तेव्हाच अडकतो. विक्री मात्र वर्षभर रेंगाळते, आणि त्यातही मे, दिवाळी आणि नाताळ हेच खरे दिवस. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की कितीतरी दुकानं नावापुरती उघडी. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कर खात्याच्या संगणकाला माहीत नाही. त्याला दिसतं एवढंच, की अमुक व्यापाऱ्याने मे महिन्यात भरमसाट खरेदी केली आणि पुढे तीन महिने विक्री जवळजवळ नाही. मग तो साधा प्रश्न विचारतो: माल गेला कुठे?

तपासणीची नोटीस आली की चोरी न केलेला माणूसही घाबरतो. याचं कारण मला नेहमी एकच दिसतं. आपल्याकडे धंदा तोंडी चालतो. मालकाच्या डोक्यात सगळं चोख असतं, पण डोकं काही तपासायला देता येत नाही.

गोदामाचंच बघा. दुकान लहान, म्हणून काजूचे डबे काकांच्या पडवीत ठेवलेले असतात. ‘ता काय परक्याचा घर नाय’, असं आपण म्हणतो, आणि ते खरंच असतं. कायद्याच्या नजरेत मात्र तो नोंदणीत न दाखवलेल्या जागेवरचा माल ठरतो. जीएसटीच्या नोंदणीत ‘अतिरिक्त जागा’ जोडण्याची सोय आहे. काकांचं संमतीपत्र घ्यायचं आणि जागा जोडून टाकायची. तसंच फुकट वाटलेल्या मालाचं. मुंबईच्या चाकरमान्यांच्या पिशवीत घातलेलं सरबत, ओल धरून फेकलेला खाजा, फुटलेल्या बाटल्या. अशा मालाच्या खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. ही नोंद त्याच दिवशी झाली नाही, तर दोन वर्षांनी कोणती बाटली कधी फुटली हे देवसुद्धा सांगणार नाही.

हे झालं जीएसटीचं. व्हॅट मात्र गेला, असं अनेक जण म्हणतात. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात तो आला आणि १ जुलै २०१७ला जीएसटीने त्याची जागा घेतली, हे खरं. पण दारू आणि पेट्रोल-डिझेल मागेच राहिले. म्हणजे या पर्यटनाच्या किनाऱ्यावर प्रत्येक परमिट रूमच्या गल्ल्यात व्हॅट अजून बसलेला आहे. तिथला हिशेब तर निर्दय असतो. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. बाटल्या किती आल्या, किती संपल्या, हे उत्पादन शुल्क खात्याच्या वहीत असतं; विक्री किती दाखवली, हे व्हॅटच्या विवरणपत्रात. दोन्ही आकडे एकाच मालकाने, पण दोन वेगळ्या साहेबांसाठी लिहिलेले. कोणी तरी एक दिवस दोन्ही वह्या शेजारी ठेवणार, हे गृहीत धरून आपणच दर महिन्याला त्या ठेवून पाहाव्यात. माझ्या मते तयारीतलं निम्मं काम एवढंच आहे.

या बाबतीत पेट्रोल पंपवाल्याचा हेवा वाटतो. रोज टाकीत काठी सोडून डिप घ्यायचा, मशीनचं रीडिंग टिपायचं, तूट असेल तर ती त्याच दिवशी लिहायची. त्याच्याकडे कोणीही कधीही यावं. मच्छीमारालाही कागदाची सवय लागली आहे, पण दुसऱ्या टोकाने. बोटीच्या डिझेलवर भरलेला व्हॅट सरकार त्याला परत देतं. या डिझेल परताव्यासाठी नौकेची नोंदणी, परवाना आणि खरेदीची बिलं जुळावी लागतात. बोट समुद्रात गेली होती हे अख्ख्या बंदराने पाहिलं, तरी पैसे बिलावरच मिळतात. तेही अनेकदा वाट बघायला लावून.

या मातीत कराचा हिशेब नवा नाही. शिवाजी महाराजांनी १६७१मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं, त्याने संगमेश्वरचं मीठ मार खातं, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. ती जकात किती बसवायची हे ठरवायला दोन्ही मिठांचा भाव आणि वाहतूक ठाऊक असलेला माणूस कुडाळातच बसलेला होता. आजच्या कर अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते, आणि रतांब्याचा हंगाम त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो आपणच सांगावा, लेखी. ‘खरेदी हंगामी, दुकान पावसाळ्यात जवळपास बंद’ एवढी टीप, सोबत त्या महिन्यांचं विजेचं बिल. पुरे होतं.

कागद टिकवणं हीदेखील कोकणात वेगळीच लढाई. वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने वह्या-बिलं जपावी लागतात, म्हणजे सहा पावसाळे, वाळवी आणि खारा वारा. त्यात थर्मल कागदावरच्या पावत्यांची छपाई वर्षभरात उडते. त्यांचे फोटो काढून महिन्यावार साठवलेले बरे.

आणि साहेब दारात आले तर? जीएसटीच्या लेखापरीक्षणाची नोटीस किमान १५ कामाचे दिवस आधी, एडीटी-०१ नमुन्यात येते. तिथे धावपळीचं काही कारण नाही. न सांगता येणाऱ्या तपासणीला सहआयुक्त किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा आयएनएस-०१ हा अधिकारपत्राचा कागद लागतो. तो मागणं उद्धटपणा नव्हे. ओळखपत्र पाहावं, खुर्ची द्यावी, सल्लागाराला फोन करावा. उत्तरं एकानेच द्यावीत. मालक, मुलगा आणि वेटर अशी तीन उत्तरं गेली की खरं उत्तरही संशयास्पद वाटतं. आठवत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणावं. गजालीत चालणारा अंदाज जबाबात चालत नाही. जप्त केलेल्या वस्तूंची यादी घ्यावी आणि पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही करावी. त्याच रात्री पैसे भरून मोकळं व्हावंसं वाटतं, पण केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळानेच २५ मे २०२२च्या सूचनेत अधिकाऱ्यांना बजावलं आहे, की झडती चालू असताना वसुली करू नये. स्वतःहून भरायचे तर डीआरसी-०३ आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, हिशेब पाहूनही भरता येतो.