मिऱ्यांच्या पैशाचें देवालय

सुंदर वस्तूचा आनंद घेतांना ती कोणाच्या पैशानें उभी राहिली याची चौकशी करणें हें रसिकतेचें लक्षण कीं अरसिकतेचें? या प्रश्नास बहुधा एक सोयीचें उत्तर देण्यांत येतें. पाहावयास आलां आहां, तर पाहा. न्यायनिवाडा इतिहासकारांवर सोडा! ज्यांच्या हातीं एकच दिवस असतो, त्यांना तर हें उत्तर फारच मानवतें.

लहानशा शिडाच्या नौकेंतून जोडीनें सागरपर्यटन करणारीं माणसें युरोपांत आज पुष्कळ आहेत. उन्हाळ्यांत पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा टिकून असतो. त्याच्या आधारें तीं दक्षिणेस उतरतात, आणि वाटेंत टेगस नदीच्या मुखांत शिरून लिस्बन येथें एखादा दिवस जमिनीवर काढतात. पाणी भरावयाचें, भाजीपाव घ्यावयाचा, आणि उरल्या वेळांत शहर पाहावयाचें, असा हा दिवस असतो. आमच्या परिचयाच्या एका दांपत्याचा तेथील दिवस मात्र वादांत संपला, आणि तो वाद आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

सकाळीं त्यांनीं अल्फामा वस्तीच्या अरुंद, चढणीच्या गल्ल्या पाहिल्या. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं झालेल्या भूकंपानें, पाठोपाठ आलेल्या लाटेनें व आगीनें लिस्बनचा मोठा भाग नष्ट झाला. त्यांतून ही वस्ती बरीचशी वांचली. दुपारीं तीं उभयतां बेलेम येथें गेलीं. भूकंपांतून वांचलेला जेरोनिमोसचा भव्य मठ तेथेंच आहे. मानुएल राजाच्या कारकीर्दींत १५०१ च्या सुमारास त्याचें काम सुरू झालें. आफ्रिका व पूर्वेकडील देश यांच्याशीं चालणाऱ्या व्यापारावर शेंकडा पांच या प्रमाणानें जो कर घेत, त्यांतून त्याचा खर्च भागला. लोकांत त्या कराचें नांवच मिऱ्यांचा कर असें पडलें होतें. आपल्या मलबारच्या मिऱ्यांनीं हे खांब उभारले, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. दगडांत दोरखंड, गांठी, पोंवळीं कोरलेलीं आहेत. दर्यावर्दी माणसाला तें काम पाहून घरच्यासारखें वाटावें.

चर्चच्या दारांतून आंत येतांच वास्को द गामाची कबर लागते, आणि समोर कवि कामोंइश याची. वास्को १५२४ सालीं कोचीन येथें वारला. १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालांत नेल्या, व १८८० सालीं त्या या मठांत आणल्या. पतिराज तेथें टोपी काढून उभे राहिले. पत्नीनें तसें करण्याचें स्पष्ट नाकारलें.

पतीचें म्हणणें हलकें नव्हतें. १४९७ च्या ऑगस्टांत केप व्हर्डचीं बेटें सोडल्यावर वास्कोच्या चार जहाजांना नोव्हेंबरपर्यंत जमीन दिसली नाहीं. परततांना मोसमी वाऱ्याचें ज्ञान नसल्यामुळें आपला अरबी समुद्र ओलांडण्यास त्यांना सुमारें तीन महिने लागले, आणि हिरड्या सुजवून टाकणाऱ्या रोगानें माणसें पटापट मेलीं. ज्यानें रात्रीचे पाहारे स्वतः केले आहेत, त्याचें मस्तक अशा धैर्यापुढें आपोआप लवतें. परंतु पाहारे पत्नीनेंही केले होते! तिला आठवत होती ती वास्कोची दुसरी सफर. १५०२ सालीं मक्केहून परतणारें यात्रेकरूंचें एक जहाज त्यानें पकडलें, लुटलें, आणि शेंकडों माणसांसकट जाळलें. बायका आपले दागिने दाखवून आणि तान्हीं मुलें वर उचलून धरून दयेची याचना करीत होत्या. हें कोणा शत्रूनें रचलेलें नव्हे. त्याच आरमारांतील तोमे लोपिश या पोर्तुगीजानें लिहून ठेवलेलें आहे.

"त्या काळचें माप त्या काळास लावा," हा यावरील नेहमींचा बचाव. आम्हीं तोच लावून पाहिला, आणि तो टिकत नाहीं असें आढळलें. लोपिश त्याच काळचा होता, तरीही तो देखावा त्याच्या मनांतून जाईना. समोरच निजलेल्या कामोंइशानें १५७२ च्या आपल्या महाकाव्यांत वास्कोची कीर्ति गाइली. पण जहाजें निघतांना किनाऱ्यावरच्या एका वृद्धाच्या तोंडीं लोभाचा व कीर्तिलालसेचा कडक धिक्कारही घातला. त्या काळाला विवेक नव्हता, हें म्हणणें त्या काळावरच अन्याय करणारें आहे.

आमचा कल पत्नीकडे आहे. कौशल्याचें कौतुक करणें वेगळें, आणि मान देणें वेगळें. नौकानयनाच्या ग्रंथांत वास्कोच्या मार्गाची तारीफ वाचतांना कोणी कौशल्यापुरतेंच कौतुक करतो. कबरीपुढें तशी वाटणी करतां येत नाहीं. ती संपूर्ण माणसाला मान मागते. मात्र पुढें पत्नीनें मठाच्या दुमजली ओवऱ्यांत तासभर काढला आणि कोरलेली एक एक गांठ ओळखून पाहिली, यांत तिची विसंगति झाली असें पति म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. त्या गांठी पाथरवटांच्या आहेत. त्यांनीं कोणाचें जहाज जाळलें नव्हतें.

येथपर्यंत निवाडा सोपा होता, कारण आरोपी परका होता. पण १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चांतल्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतली व मेणवलीच्या घाटावरील घंटा त्यांपैकींच, असें मानतात. त्यांचा घुमारा आपणांस गोड वाटतो. वसईचा वेढा आणि यात्रेकरूंचें जळतें जहाज यांना एका पंक्तीस बसविणें चूक होईल. तेथें किल्ला होता, सैन्य होतें, आणि पोर्तुगीज अमलाचा जाच लोकांनीं सोसलेला होता. तरीही त्या घंटेच्या आवाजावर प्रार्थनेस जमणारीं कोळ्यांचीं व शेतकऱ्यांचीं कुटुंबें किल्लेदार नव्हतीं. मेणवलीस गेल्यावर मुलें विचारतात कीं, ही घंटा आपल्याकडच्या घंटांसारखी कां नाहीं? बहुतेक वडील माणसें त्यांना लढाई सांगतात. घंटा आधीं कोठें वाजत होती आणि कोणासाठीं, हें सांगणारे आमच्या पाहण्यांत फार थोडे आले.