यक्षाचा प्रश्न आणि उजनीचे पाणी

स्कूबी-डूच्या गोष्टीचा शेवट मुलांना आधीपासून ठाऊक असतो. भूत पकडले जाते, त्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढला जातो आणि आतून माणूस निघतो. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका कार्टून नेटवर्कमुळे मराठी घरांतही पोहोचली. २००४ मध्ये आलेल्या ‘स्कूबी-डू अँड द लॉक नेस मॉन्स्टर’ या चित्रपटाने तीच गोष्ट स्कॉटलंडच्या प्रसिद्ध सरोवराकाठी नेली. तिथेही राक्षसामागे माणसाचीच करणी निघते. तरी पाण्यात खरेच काही असेल का, एवढी शंका चित्रपट शेवटी शिल्लक ठेवतो.

ही शंका धर्मविचारात फार जुनी आहे. पाण्यात राहणारे ते ‘कोणीतरी’ नाहीच, हे कळले की त्याच्या धाकाने माणूस जे पाळत आला त्याचे काय करायचे? इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

आधी स्कॉटलंडच्या त्या सरोवराची हकिकत. लॉक नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि दोनशे मीटरहून अधिक खोल आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस ॲडोम्नानने लिहिलेल्या संत कोलंबाच्या चरित्रात नेस नदीतल्या एका हिंस्र जलचराचा प्रसंग येतो. त्या जनावराने नुकताच एकाचा जीव घेतलेला असतो. तरी कोलंबा आपल्या सोबत्याला पाण्यात उतरायला सांगतो आणि जनावर झेपावताच क्रुसाची खूण करून त्याला मागे परतवतो. मराठी वाचकाला इथे यमुनेच्या डोहातला कालिया आठवल्याशिवाय राहणार नाही. आजची ‘नेसी’ मात्र १९३३ची. त्या वर्षी मे महिन्यात ‘इन्व्हरनेस कुरिअर’मध्ये बातमी आली आणि पुढच्या वर्षी ‘डेली मेल’ने लांब मानेचे ते छायाचित्र छापले. खेळण्यातल्या पाणबुडीवर नकली मान बसवून ते काढले होते, हे उघड व्हायला साठ वर्षे लागली. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील नील गेमेल यांच्या पथकाने सरोवराच्या पाण्यातला डीएनए तपासायला घेतला. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: महाकाय सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा डीएनए मात्र भरपूर.

महाराष्ट्रालाही सरोवरातला राक्षस आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, अशी कथा आहे. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ तिच्याशी जोडलेले आहे. भूशास्त्राच्या मते बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून ते विवर झाले. जून २०२० मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत दाखवून दिले. लोणारला पुराण आणि विज्ञान दोन्ही सुखाने नांदतात, कारण लवणासुराला आज कोणी भीत नाही.

आसरांचे तसे नाही. साती आसरा म्हणजे विहिरीत, बारवेत, नदीच्या डोहात राहणाऱ्या सात देवता. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, पुष्कळदा जवळच म्हसोबा. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खणानारळाची ओटी असा त्यांचा मान. ॲन फेल्डहाउस यांनी ‘वॉटर अँड वुमनहुड’ या १९९५च्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थांबरोबर या देवतांचाही विचार केला आहे. आसरा पावतात तशा कोपतातही, असे मानतात. म्हणून भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यावर जाऊ नये, पोरांनी डोहात उतरू नये, असे वडीलधारी माणसे बजावत आली.

या बजावण्यात अनुभव आहे. भर दुपारी काठावर चिटपाखरू नसते; कोणी बुडू लागला तर हाक ऐकायला माणूस नाही. ज्या डोहापाशी शेंदराचे दगड होते, त्याची खोली आणि त्यातला भोवरा गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता.

मग पाणीच बदलले. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या यशवंतसागराखाली गावेच्या गावे गेली आणि माणसे नव्या गावठाणात आली. पळसदेवचे जुने हेमाडपंती देऊळ पाण्यात गेले. उजनी ‘मायनस’मध्ये गेली की ते पुन्हा उघडे पडते आणि लोक पाहायला जातात. भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, मासेमारी वाढली, ऊस वाढला. पूर्वी गावे जमिनीने जोडलेली होती, तिथे आता बोटीने पलीकडे जावे लागते. जुन्या डोहाची ओळख या अफाट पाण्याला पुरी पडणारी नव्हती.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातले कुगाव आणि इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. लहान मुलांसह सहा जण गेले.

अशा वेळी गावोगाव एक वाक्य ऐकू येते: पाण्याने बळी घेतला. दुःख सोसायला माणसाला शब्द हवा असतो, म्हणून त्या वाक्याचा राग धरू नये. पण त्यावर थांबणे घातक आहे. बळी पाण्याने मागितला असे ठरले की हवामानाचा इशारा, बोटीत किती माणसे बसवायची, लाइफ जॅकेट, काठावरची सोय, यातले काहीच विचारायचे उरत नाही. उलट, आसरांना हसून जॅकेटशिवाय बोटीत चढणारा सुशिक्षित माणूसही शहाणा ठरत नाही. त्याने भीती टाकली, पण भीतीने जे काम केले होते ते अंगावर घेतले नाही.

महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या सीमेवर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. डोहाकाठी ओटी भरणाऱ्या बाईच्या आड हा कायदा येत नाही. भीतीचा धंदा मांडून माणसाला लुबाडणाऱ्याला तो अडवतो. सीमा इथेच असायला हवी.

ही सीमा ओळखायला बारामतीकरांच्या घरातलीच एक कथा उपयोगी पडते. बारामतीला कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अवघे महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणले. त्या महाभारताच्या वनपर्वात एक सरोवर आहे. तहानलेले पांडव एकेक करून तिथे येतात. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी, असे सरोवराचा धनी असलेला यक्ष बजावतो. नकुल ऐकत नाही, सहदेव, अर्जुन, भीमही ऐकत नाहीत; चौघेही काठावर पडतात. युधिष्ठिर तहान आवरतो, थांबतो, उत्तरे देतो. रोज माणसे मरताना पाहूनही उरलेल्यांना आपण कायमचे जगणार असे वाटते, याहून मोठे आश्चर्य नाही, हे त्याचे उत्तर याच प्रसंगातले. एकाच भावाला उठवता येईल म्हटल्यावर तो सख्ख्या भावाऐवजी माद्रीच्या नकुलाचे नाव घेतो. तेव्हा यक्षाचे रूप गळून पडते आणि समोर साक्षात धर्म उभा राहतो.

मुखवटा दोन्हीकडे उतरतो. स्कूबीच्या गोष्टीत आतून माणसाचा स्वार्थ निघतो आणि तो पाहणे गरजेचे आहे. लुबाडणूक तशीच उघडी पडते. वनपर्वात आतून कर्तव्य निघते. चारही पांडव शूर होते, पाण्यातल्या कोणाला भिणारे नव्हते. ते गेले ते न थांबल्यामुळे. आसरांच्या भीतीकडे असे पाहिले तर तिच्यातले टाकायचे काय आणि ठेवायचे काय, हे स्पष्ट होते. कोप, बळी, दोष हे टाकायचे. काठावर थांबणे आणि सोबतच्या जिवाची काळजी ठेवायची, तीही कोणाच्या धाकावाचून.

उजनीच्या पाण्याला राक्षस नको, पाळले जातील असे नियम हवेत. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आले, वारा सुटला की बोट सोडू नये. जॅकेट अंगावर बांधल्याशिवाय कोणालाही, विशेषतः लेकरांना, पाण्यावर नेऊ नये. बोटवाला घाई करू लागला तर प्रवाशांनी आपण होऊन नको म्हणावे. काठावरच्या ग्रामपंचायतींनी हे नियम घाटावर मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि ज्या घरी आसरांची ओटी भरली जाते त्या घरातल्या आजीने नातवंडांना यक्षाची गोष्टही सांगावी.