न घडलेल्या मरणांचा हिशेब

सिंधुदुर्गातील एखाद्या गावच्या देवळात, जत्रेच्या किंवा शिमग्याच्या दिवशी, गावकर-मानकऱ्यांच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाऊ लागले आणि जमलेल्या मंडळींनी प्रत्येक विरामाला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार भरला, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की देवापाशी जे मागितले जाते त्यात काही मिळावे यापेक्षा काही होऊ नये याचाच भरणा अधिक असतो. रोगराईने वेशीच्या आत पाऊल टाकू नये, गुरावासरांवर अरिष्ट येऊ नये, दर्यावर गेलेल्याची होडी सुखरूप किनाऱ्याला लागावी आणि मुंबईच्या चाकरमान्याच्या वाटेत विघ्न येऊ नये, अशी ही मागणी असते. आणि वर्ष निर्वेध गेले तर गाव त्याची रीतसर फेडही करतो. राखणदाराला त्याची राखण मिळते, देवीची ओटी भरली जाते, बोललेले नवस फिटतात. आचरे, चिंदर यांसारख्या गावांत तर ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारे गाव गुराढोरांसह आणि कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहते, चूल बंद, देऊळ बंद, आणि पुन्हा कौल झाल्यावरच घरी परतते. या गावपळणीचा अर्थ कोणी काहीही लावो. प्लेगच्या दिवसांत सरकारी हुकुमाने महाराष्ट्रातील गावेच्या गावे रानात झोपड्यांतून राहिली होती, तो देखावा याहून फारसा निराळा नसावा.

हा व्यवहार अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेण्याची आपल्या सुशिक्षितांत चाल आहे. मला मात्र त्याच्या मुळाशी एक फार जुना आणि अवघड प्रश्न दिसतो. जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणाच्या खाती जमा करावयाचे? आणि ते अमक्याच्या योगाने घडले नाही, की मुळात घडणारच नव्हते, हे ओळखावयाचे तरी कोणत्या प्रमाणाने? गावाने यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे आणि दुसरा प्रश्न विचारलेलाच नाही. ज्यांनी आपले आयुष्य साथींच्या संशोधनात घालविले त्यांच्या वाट्याला नेमके याच्या उलट आले. दुसऱ्या प्रश्नाशी झुंजण्यात त्यांची हयात गेली आणि पहिल्याचे उत्तर त्यांना बहुधा कोणी दिलेच नाही.

आपल्या तार्किकांनी अभावाला पदार्थाच्या पंक्तीत सातवे आसन दिले आणि त्याचे प्रकार पाडले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या वर्गीकरणाचा आरोग्याशी काही संबंध असेल अशी कल्पना सहसा कोणाला शिवत नाही. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव तो प्रागभाव, त्याला आदि नाही पण अंत आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, त्याला आदि आहे पण अंत नाही. रोग्याच्या उशाशी बसून औषध देणारा वैद्य रोगाचा प्रध्वंस साधतो, आणि म्हणून त्याच्या कार्याला साक्षीदार मिळतो, कारण जो काल तापाने फणफणत होता तोच आज पेज मागत असतो. साथ येण्यापूर्वीच तिची वाट अडविणारा शास्त्रज्ञ मात्र प्रागभावाची राखण करीत बसलेला असतो. मोक्षाच्या चर्चेत प्राभाकर मीमांसकांनी असे प्रतिपादिले की दुःखाचा प्रागभाव जपणे हाही पुरुषार्थच होय. त्यावर, जे अनादि आहे ते साधावयाचे कसे, असा आक्षेप निघाला, आणि दुःखाचे कारण दूर केले म्हणजे तो अभाव टिकतो व टिकविणे हेही साधणेच, असे त्याला उत्तर देण्यात आले. हा वाद ज्यांनी घातला त्यांच्यासमोर जन्ममरणाचा फेरा होता, उंदीर आणि पिसवा नव्हत्या. तरी रोगप्रतिबंधाच्या शास्त्राचा इतका नेमका तात्त्विक पाया मला अन्यत्र आढळलेला नाही.

या पायावर ज्याचे चरित्र उभे आहे, आणि ज्याच्या चरित्राने त्याची कसोटीही लागली, असा मनुष्य म्हणजे वाल्देमार हाफकिन. ओडेसा येथे १८६० साली ज्यू कुटुंबात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध करून १८९३ साली हिंदुस्थानात उतरलेला हा गृहस्थ, १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने मांडवी भागात प्लेग ओळखल्यानंतर, मुंबईस पाठविला गेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा, हाताखाली एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्याने तीनएक महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो व ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण विचार करता त्याने एवढेच सिद्ध झाले की ही लस मनुष्यास मारीत नाही. ती मनुष्यास तारते हे त्याने काडीमात्र सिद्ध होत नव्हते, कारण त्या दिवसांत प्लेग न झालेले लाखो लोक लस न घेताच मुंबईत हिंडत होते.

खरा दाखला मिळाला तो त्याच महिन्याच्या अखेरीस, भायखळ्याच्या तुरुंगात. तेथे साथ शिरली होती. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली, उरलेल्यांनी नाकारली, आणि दोघांचेही अन्न, पाणी, कोठडी व हवा एकच राहिली. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व त्यांतले सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला व कोणीही दगावला नाही. तुरुंगातील माणसाची आपखुशी कितपत आपखुशी असते हा प्रश्न आजच्या नीतिविचाराने विचारलाच पाहिजे, आणि मी तो विचारून पुढे जातो. परंतु या दोन ओळींच्या जमाखर्चात जे घडले त्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही. न घडलेले मरण येथे दिसू लागले. ते एकट्या माणसात दिसत नाही, कितीही भिंग लावून पाहिले तरी दिसत नाही. दोन समुदाय शेजारी ठेवले म्हणजेच त्यांच्या अंतरात ते दिसते. आणि त्या अंतराला मोजमाप मिळते ते दुसऱ्या बाजूच्या सहा मृतांमुळे, ही गोष्ट शास्त्रज्ञाला कितीही टोचली तरी टाळता येत नाही.

पुढे पाच वर्षांनी त्याच हाफकिनच्या नशिबी आले ते याच न्यायाचे दुसरे टोक. पंजाबातील मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले, आणि हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. चौकशी बसली, प्रयोगशाळेने लस करण्याची रीत बदलली होती हे पुढे आले, कसूर हाफकिनच्या माथी मारण्यात आली आणि परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्याच्या हातून गेले. बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या पुराव्याला योग्य ते वजन मिळावयास वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये उघड पत्र लिहिले तेव्हा कोठे सरकारने त्याला दोषमुक्त करून परत बोलाविले, तेही कलकत्त्यास. परळच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ साली लागले. हा अन्याय अमक्या अधिकाऱ्याच्या दुष्टाव्याने झाला असे मानून माझे समाधान होत नाही. मुलकोवालच्या एकोणीस जणांना नावे होती, त्यांच्या दारात आक्रोश उठला होता, त्यांचे पंचनामे झाले होते. लसीने जे हजारो वाचले त्यांतील एकालाही आपण वाचलो हे कधी कळले नाही, आणि म्हणून त्यांच्यातून साक्ष देण्यास कोणीही रुजू होणे शक्य नव्हते. भाव आणि अभाव यांचा दावा लागला की निकाल भावाच्या बाजूने लागतो, मग न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असो.

अशा माणसाचे सांत्वन आपण लगेच निष्काम कर्माच्या उपदेशाने करू जातो. सत्कारसभांतून कितीतरी संशोधकांना फलाची आशा न धरणारे कर्मयोगी म्हटले गेलेले मी ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्यात काहीतरी खटकले आहे. साथीच्या शास्त्रज्ञाने मानाची, पदाची, कृतज्ञतेची आशा खुशाल सोडावी, किंबहुना त्याला ती सोडावीच लागते. परंतु फलाविषयी तो उदासीन झाला तर त्याचे कर्मच बुडाले, कारण ते फल दिसते की नाही हे मोजणे हाच त्याच्या कर्माचा अर्धा भाग आहे. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त फलाशा सोडणे आणि फल सोडणे यांत जो भेद केला तो येथे अक्षरशः लागू पडतो, आणि ज्याचा थोरला मुलगा १९०३ साली प्लेगने गेला त्या लेखकाच्या हातून तो केला गेला आहे हे विसरून चालत नाही. स्वतः हाफकिनने उत्तर आयुष्यात वेगळीच वाट धरली. सूक्ष्मदर्शकाशी जन्म काढलेल्या या मनुष्याने १९१६ साली आपल्या धर्मातील सनातन आचाराचे समर्थन करणारा निबंध लिहिला, आणि मरताना आपली मिळकत ज्यू धर्मपाठशाळांच्या नावे ठेवली. यात अनेकांना विसंगती दिसते, मला दिसत नाही. बंधनांचा आचार पिढ्यान्‌पिढ्या पाळणारा समाज आणि न दिसणाऱ्या फलासाठी दंडावर सुई टोचून घेणारा समाज, या दोघांनाही एकाच जातीचा धीर लागतो.

आमच्या बाजूच्या एका नावाचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. वेंगुर्ल्यानजीकच्या खानोलीचे स्मरण ज्यांच्या आडनावाने होते ते डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाची पाहणी साथीच्या शास्त्राच्या अंगाने केली. टाटा स्मारक रुग्णालयात आणि मागाहून भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक म्हणून त्यांनी दाखविले की कोणत्या अवयवाला कर्करोग होतो ते त्या त्या समाजाच्या चालीरीतींवर, तंबाखू चघळण्यावर, ओढण्यावर, वस्त्र नेसण्याच्या पद्धतीवरही, पुष्कळसे अवलंबून असते. कर्मविपाकाचा सिद्धान्त मानणाऱ्याला हे वाचून आनंद होईल, पण त्याने जरा थांबावे. त्यांच्या पाहणीच्या कोष्टकांत भोग दिसतो तो एकट्याच्या पापाचा नसून बापाने व आजाने शिकविलेल्या सवयीचा, आणि तो पूर्वजन्मातील नसल्यामुळे या जन्मी टाळता येण्याजोगा.

सिंधुदुर्गाला या साऱ्याची आठवण २०१६ च्या आरंभी करून दिली ती माकडांनी. दोडामार्ग तालुक्यातील केर गावाच्या आसपास माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ काजूच्या बागांत व रानात जाणाऱ्यांना ताप येऊ लागला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले की हा क्यासनूर जंगलातील ताप, म्हणजेच माकडताप. १९५७ साली शिमोग्याच्या रानात माकडांच्या मरणावरूनच, याच संस्थेच्या पूर्वावताराने, टेलफर्ड वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तो प्रथम ओळखला होता, आणि पुढे त्यावर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाही तो जडला होता. रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून खालच्या पाचोळ्यात पसरतात. आता आपल्याकडे मेलेले माकड म्हणजे मारुतीचा अंश. त्याला उचलून, हळदकुंकू वाहून, चार माणसांनी खांदा देऊन पुरावयाचे, ही पुण्याची गोष्ट. आणि आरोग्य खात्याची ताकीद अशी की त्याला हात लावू नये, वर्दी द्यावी, भोवतालच्या जमिनीवर कीटकनाशक पडेपर्यंत तिकडे फिरकू नये. धर्म आणि शास्त्र यांचा विरोध म्हणून जे काही नेहमी सांगितले जाते त्यातील पुष्कळसे मला पोकळ वाटते. हा विरोध मात्र खरा होता, कारण येथे भक्तीची कृती हीच रोगाची वाट होती. तो मिटतो तोही वादविवादाने मिटत नाही. वर्दी देणे हाच त्या प्राण्याचा शेवटचा मान, असे गावाच्या मनाने घेतले तरच तो मिटतो.

माकडताप तेथेच थांबला नाही, पुढल्या वर्षी तो बांद्याच्या बाजूला दिसला. तेव्हापासून जानेवारीपासून पावसापर्यंतच्या हंगामात आरोग्यसेविका घरोघर तापाची चौकशी करते, रानात जाणाऱ्यांना अंगाला चोपडण्याचे तेल देते, संशयिताचे रक्त तपासणीस जाते, कोणी पाचोळ्यावरून फ्लॅनेलचे कापड ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजतो. आणि ज्या आठवड्यात काही सापडत नाही त्या आठवड्याचा अहवाल निरंक म्हणून तालुक्याला जातो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानले, पण एक अट घालून. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी पाहण्याची पुरी तजवीज असेल तरच तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण, अंधारात न दिसलेली वस्तू नाही असे म्हणता येत नाही. बीड जिल्ह्यातील मामला येथे १९९४ साली प्लेग पुन्हा उपटला तेव्हा आधीच्या पुष्कळशा निरंक अहवालांची हीच अट तुटलेली होती. प्लेगचा ध्वंस झाला अशी समजूत होती आणि तो रानातल्या उंदरांत होता. निर्मूलन झालेल्या देवीचे विषाणूही दोन देशांच्या प्रयोगशाळांत अजून कुलपात आहेत, तेव्हा त्या प्रध्वंसाला अंत नाही असे शास्त्रीबुवांनीही जपूनच म्हणावे. दोडामार्गच्या कागदावरील निरंक खरा की खोटा हे त्या कागदावरून कळत नाही. ते कळते त्या आठवड्यात किती घरे झाली, किती नमुने तपासणीस गेले आणि कापड किती लांब ओढले गेले, त्यावरून, आणि या तीन गोष्टींचे रकाने त्याच अहवालात असले पाहिजेत.