कातळ फोडण्याआधी

जलभंजन महाराष्ट्रातल्या टंचाईग्रस्त गावांना नवे नाही. आटलेल्या विंधन विहिरीत रबरी पॅकर सोडतात, तो फुगवून बोअर आवळतात आणि त्याखालच्या कातळात जोरदार दाबाने पाणी भरतात. दाबमापकाचा काटा चढत जातो आणि एकाएकी खाली येतो. भेग मोकळी झाली, हे लोकांना तेवढ्यावरून कळते. १९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींचे पाणी वाढवायला हा उपाय करते.

हेच तंत्र दूषित भूजल स्वच्छ करायलाही वापरतात. घट्ट मातीत किंवा खडकात घाण अडकली, की नुसत्या उपशाने ती निघत नाही. मग भेगा पाडून त्या मिटू नयेत म्हणून वाळू भरतात आणि त्या वाटेने घाण ओढून घेतात किंवा पोटॅशियम परमँगनेटसारखे रसायन आत सोडतात. यात तथ्य आहे. पण भेग दोन्हीकडून उघडी असते. औषध आत जाते त्याच वाटेने विषही पुढे सरकू शकते.

भिवंडीत हे तंत्र वापरायचे झाले, तर हा विचार फार नेटाने करावा लागेल. हे यंत्रमागांचे गाव. सायझिंग आणि डाईंग हे त्याच्याच जोडीचे धंदे. रंगाचे सांडपाणी प्रक्रिया न होता नाल्यात गेले, तर कामवारी नदीपुरते थांबत नाही, जमिनीतही मुरते. इथली जमीन दख्खनच्या लाव्हाच्या थरांची. वरच्या मुरमातले पाणी उथळ विहिरींना मिळते. त्याखाली बहुधा एकसंध काळा पाषाण असतो आणि त्याच्याही खाली भेगाळ, सच्छिद्र थरात बोअरचे पाणी. मधला पाषाण जिथे अभंग आहे, तिथे तो खालच्या पाण्याचा राखणदार आहे. घाण काढण्यासाठी तोच फोडला, तर आजवर निर्मळ राहिलेले पाणी आपणच नासवू.

भेग कुठे जाईल, हेही पूर्णपणे आपल्या हाती नसते. कातळातल्या जुन्या सांध्यांकडे ती वळते; उथळ असेल तर आडवी पसरून जमिनीवरही फुटू शकते. दाबलेले पाणी घाणीला शेजारच्या विहिरीकडे रेटू शकते. रसायनाचाही धोका आहे: जमिनीत क्रोमियम असेल, तर परमँगनेटने त्याचे अधिक विषारी आणि पाण्यात सहज विरघळणारे रूप तयार होऊ शकते. पाडलेली भेग बुजवणे तर ती पाडण्याहून अवघड.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सांडपाणी मुळाशी थांबवावे. मग विहिरींचे नमुने तपासून कातळाचे थर आणि घाणीचा पसारा नकाशावर आणावा, उपसून शुद्ध करता येईल तेवढे करावे. त्यानंतरही भेग पाडायची वेळ आली, तर चहूबाजूंनी निरीक्षण विहिरी हव्यात आणि आसपासच्या वस्तीला आधी विचारायला हवे. कारण परवानगी एका आवारापुरती दिली, तरी परिणाम शेजारच्या बोअरचे पाणी पिणाऱ्यांना भोगावे लागतात.