रिफिल संपल्यानंतर

पुण्याजवळच्या पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यातल्या सोसायट्यांत दिवाळीआधी विक्री-प्रदर्शने भरतात. फराळ, कुर्ते, पणत्या यांच्या शेजारी अलीकडे लाकडी पेनही मांडलेले दिसतात. फिकट-गडद थरांचे पट्टे अंगावर, हवे ते नाव कोरून मिळणार, आणि पुढ्यात चिठ्ठी : हस्तनिर्मित. करणारा बहुधा हिंजवडीत नाहीतर चाकणला नोकरी करणारा अभियंता. स्वतःचा लेझर कटर नसेल तर अॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्या एखाद्या दुकानातून कापून घेतो. मग कोणीतरी हटकतोच, 'लेझरने कापलंय ना? मग हाताने काय केलं?'

शंका रास्त आहे, पण ती भलत्या ठिकाणी घेतली जाते. हाताने बनवलेला म्हणून ज्याचे कौतुक होते, तो पेनही यंत्रावरच घडतो. राजमुंद्रीचे रत्नम पेन गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३०च्या दशकात नावारूपाला आले. ते लेथवर कातलेले. पुण्यातल्या फॉस्फरसारख्या आजच्या कारागिरांचे पेनही लेथवरच होतात. शिवाय नामांकित हस्तनिर्मित फाउंटन पेनांपैकी कितीतरींची निब जर्मनीतल्या जोवो किंवा बॉक या कंपन्यांची असते. म्हणजे लिहिणारा भाग कारखान्यातला आणि धरायचा भाग हातचा. यात कोणाला काही खटकत नाही. कातारी लाकूड कातून लाटणी आणि भोवरे करत, तेव्हाही लाकूड फिरवणारे यंत्र होतेच. बोरू सोडला तर यंत्राशिवायचे लेखन-साधन आपल्याकडे फारसे दाखवता येणार नाही.

लेझरचा पेन कसा होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. जॉटर बॉलपेनची रिफिल जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची असते, म्हणून तीन मिलिमीटरच्या प्लायचे चार थर घेतात. बाहेरचे दोन सलग, आतल्या दोहोंत रिफिलपुरती खाच. प्रत्येक थराला दोन बारीक भोके ठेवतात आणि त्यांत काड्या घालून थर ओळीत बसवतात, कारण फेविकॉल लावून शिकंजा आवळला की ओले थर एकमेकांवरून सरकतात. खाच केसभर जरी सरकली तरी रिफिल अडकते. इथवर लेझरचा वाटा आहे तो काही मिनिटांचा. पुढचे सगळे पॉलिश पेपरचे काम. कापताना लाकूड जळते, त्यामुळे पेनाच्या दोन्ही बाजू काळ्या असतात आणि बोटांना काजळी लागते. काही जण सगळी बाजू घासून पेन गोल करतात, मग लेझरची खूणच उरत नाही. मला ते पटत नाही. बोटे टेकतात तेवढी जागा घासावी, बाकीची काळी कड लाखेचे पॉलिश देऊन तशीच राहू द्यावी. ज्या अवजाराने वस्तू घडली त्याची खूण पुसून वर 'हस्तनिर्मित' लिहायचे, यातच खरी लबाडी आहे.

प्लायचीही एक गंमत आहे. पुनावळ्यात नवे टॉवर एकामागून एक उभे राहताहेत, घरोघर फर्निचरचे काम चालू आहे, आणि प्लायचे तुकडे अक्षरशः फुकट मिळतात. फुकटचे म्हणून ते उचलणारा फसतो. स्वयंपाकघरासाठी वापरलेल्या वॉटरप्रूफ प्लायमधला फिनॉलिक गोंद लेझरला सहज दाद देत नाही. कोळसा होतो, पण आरपार कट मिळत नाही. साध्या गोंदाचा पातळ प्लाय मुद्दाम शोधून आणावा लागतो. हे ज्ञान हाताचेच. ते यंत्रासोबत येत नाही.

लेझर म्हणजे परदेशातून आलेली चैन, असा सूर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. लाकूड कापणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८चा, बारामतीचा. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे लेझर कटरसारखी अवजारे सर्वांना वापरू देणारी कार्यशाळा, २००२मध्ये सुरू झाली ती चाकणपासून फार दूर नसलेल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये उभारलेल्या विज्ञान आश्रमात. खेड्यातल्या मुलांच्या हाती ही अवजारे द्यावीत हा विचार आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

यंत्र किती वापरले याने काही ठरत नसेल, तर मग कसोटी कोणती लावायची? एक कसोटी आपल्या इतिहासात तयार आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. किर्लोस्करवाडीतही त्यासाठी यंत्र तयार झाले. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही, पण अटी वाचण्यासारख्या होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. यंत्र नको असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते. वापरणाऱ्याला ते सांभाळता आले पाहिजे, असा आग्रह होता.

हीच कसोटी या पेनाला लावली की बरेच पेन नापास होतात. चारही थर चिकटवून मागचे टोक बंद करून टाकलेले असते. रिफिल संपली की पेन मेला. खोलायला गेलात तर प्लायच्या चिरफळ्या निघतात. चारशे रुपयांची ही वस्तू तीन महिन्यांत शोकेसमध्ये जाऊन बसते आणि दहा रुपयांचा प्लास्टिकचा पेन तिची जागा घेतो. हाताची मेहनत त्यात खरीच असते. घेणाऱ्याला तिचा उपयोग उरत नाही. मागच्या टोकाला पितळी स्क्रूची एक टोपी बसवली तर काम भागते. त्यासाठी भोसरीत कोणत्याही टर्नरकडे जावे; असा जॉब त्याच्या हातचा मळ.

माझी सूचना याहून एक पाऊल पुढची आहे. पेनासोबत त्याच्या थरांच्या आराखड्याची फाइलही ग्राहकाला द्यावी. बाहेरचा थर तडकला, कुत्र्याने चावला, तर पाट्या करणाऱ्या कोणत्याही दुकानात तेवढा थर पुन्हा कापून मिळेल. त्यासाठी बाहेरचे थर गोंदाऐवजी दोन बारीक स्क्रूंवर बसवावे लागतील, म्हणजे रचना नव्याने करावी लागेल. करणारे म्हणतात, फाइल दिली की नक्कल होणार. होऊ दे की. फाइलमध्ये रेघा असतात. प्लाय कोणता घ्यायचा, थर सरकू न देता शिकंजा किती आवळायचा आणि बोटाखालची कड कुठवर घासायची, हे तिच्यात नसते. नक्कल करणाऱ्यालाही चार-सहा पेन वाया घालवूनच ते शिकावे लागेल.