गड पाहावा, गड जपावा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरहून जिवतीच्या डोंगरांकडे निघालं, की दाट रानात माणिकगड लागतो. नागवंशी राजांनी बांधलेला आणि पुढे गोंड राजांकडे आलेला हा किल्ला. दरवाजावरचं नागशिल्प आजही नागवंशी राजवटीची साक्ष देतं. आपण तिथे घटकाभराचे पाहुणे. दगडावर नाव कोरण्याचा हक्क आपल्याला नाही.

पण जपणं म्हणजे नुसतं न बिघडवणं नव्हे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदान सुरू केलं, दोनशेहून अधिक दिवस घाम गाळला आणि बुरूज मोकळे केले. वारशाचा अभिमान असा हातांतून दिसावा.

माणिकगडावर जरूर जा. मुलांना न्या, गोंड राजांचा इतिहास सांगा. आणि उतरताना स्वतःचा कचरा तर आणाच, दुसऱ्याने टाकलेली एक बाटलीही उचला.